अंजायनाच्या रुग्णात हृदयाचे शिथिलीकरण तपासणारी व्यायाम-चाचणी : तयारी, पद्धत आणि अहवालाचे वाचन

जिना चढताना छाती जड होते, दम लागतो आणि दोन मिनिटे थांबले की बरे वाटते. हृदयस्नायूला रक्त कमी पडल्याने होणाऱ्या अशा त्रासाला अंजायना म्हणतात. पण विश्रांतीत काढलेला ईसीजी नॉर्मल येतो आणि टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, अहवालात ‘ईएफ ६० टक्के’ असे लिहिलेले असते. अशा रुग्णाला अनेकदा ‘हृदय उत्तम आहे, पित्त असेल’ असे सांगून घरी पाठवले जाते आणि त्याचा त्रास तसाच राहतो. ईएफ हा आकडा डाव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यात, भरलेल्या रक्तापैकी किती टक्के रक्त एका ठोक्यात बाहेर फेकले जाते, एवढेच सांगतो. आकुंचनानंतर स्नायू किती लवकर सैल होतो आणि पुढच्या ठोक्याचे रक्त किती कमी दाबावर आत घेतो, हे त्यातून कळत नाही. शिथिलीकरणातील हा दोष पुष्कळ वेळा विश्रांतीत दडलेला असतो आणि श्रमातच उघड होतो. म्हणून तो शोधायचा तर रुग्णाला चालवून किंवा सायकल मारायला लावूनच इको करावा लागतो. या तपासणीला डायस्टोलिक स्ट्रेस इको म्हणतात. ती कोणी करावी, तिची तयारी कशी करावी, ती प्रत्यक्षात कशी व्हायला हवी आणि आलेले आकडे कसे वाचावेत, याची माहिती रुग्ण, नातेवाईक आणि फॅमिली डॉक्टर या तिघांनाही उपयोगी पडावी अशा रीतीने येथे मांडली आहे.

शिथिलीकरण आधी का बिघडते

हृदयाचे सैल होणे ही आपोआप घडणारी, फुकटची क्रिया आहे असा समज सर्वत्र आढळतो, पण वस्तुस्थिती उलट आहे. आकुंचनाच्या वेळी स्नायूपेशीत कॅल्शियम मोकळे होते. पेशी सैल व्हायची तर ते कॅल्शियम पंपाने उचलून पुन्हा साठ्यात भरावे लागते, आणि हा पंप एटीपी या इंधनावर चालतो. हृदयस्नायूला रक्त पुरवणारी कॉरोनरी धमनी अरुंद असेल तर श्रमाच्या वेळी स्नायूला पुरेसा प्राणवायू मिळत नाही, एटीपी कमी पडते, कॅल्शियम पेशीत रेंगाळते आणि स्नायूचे तंतू एकमेकांना पकडून राहतात. जवनिका ताठर होते. तिच्यात रक्त भरण्यासाठी वरच्या कप्प्याला, म्हणजे डाव्या कर्णिकेला, जास्त दाब द्यावा लागतो. तोच दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोहोचतो आणि माणसाला धाप लागते.

यात आणखी एक अडचण भर घालते. नाडी मिनिटाला ६० असताना प्रत्येक ठोक्याचा सुमारे दोन तृतीयांश काळ हृदय सैल असते. नाडी १२० झाली की ठोक्याचा एकूण काळ निम्मा होतो, पण आकुंचनाचा काळ तेवढ्या प्रमाणात घटत नाही. कपात होते ती मुख्यतः शिथिलीकरणाच्या वेळेत. डाव्या जवनिकेच्या स्नायूला रक्तपुरवठा होतो तोही बहुतांशी याच काळात. म्हणजे ज्या क्षणी स्नायूला रक्त सर्वाधिक हवे असते, त्याच क्षणी ते मिळण्याचा अवधी आखडतो, आणि ताठरलेली भिंत आतल्या बाजूच्या बारीक वाहिन्या दाबून तो पुरवठा आणखी घटवते. निरोगी हृदय यातून सहज वाट काढते, कारण श्रमात ते अधिक वेगाने सैल होते आणि रक्त जणू आत ओढून घेते. अंजायनाच्या रुग्णाचे हृदय नेमके हेच करू शकत नाही.

हृदयस्नायूचा रक्तपुरवठा कमी पडू लागला की कोणते बिघाड कोणत्या क्रमाने दिसतात, याची मांडणी नेस्टो आणि कोवालचुक या अमेरिकी डॉक्टरांनी १९८७ मध्ये केली. आधी रक्तपुरवठ्यातील विषमता, मग शिथिलीकरणातील बिघाड, त्यानंतर भिंतीच्या आकुंचनातील दोष, मग ईसीजीतील बदल आणि सर्वांत शेवटी छातीतील कळ, असा तो क्रम आहे. प्रत्येक रुग्णात तो काटेकोरपणे पाळला जातोच असे नाही, तरी त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते : नेहमीची टीएमटी, म्हणजे चालत्या पट्ट्यावर केलेली ईसीजी चाचणी, ज्या दोन खुणांवर, म्हणजे ईसीजी आणि कळ यांवर, विसंबून असते, त्या या साखळीच्या शेवटी येतात. मधुमेही रुग्णांत तर कळ कधी कधी येतच नाही आणि श्रमाने लागणारी धाप हेच अंजायनाचे रूप असते.

ही चाचणी कोणासाठी आहे

सर्वाधिक उपयोग होतो तो श्रमाने धाप किंवा छातीवर दाब येणाऱ्या, ईएफ चांगला असलेल्या आणि विश्रांतीच्या इकोत ‘ग्रेड १ डायस्टोलिक डिसफंक्शन’ लिहून आलेल्या रुग्णाला. हे शब्द वाचून अनेक कुटुंबे घाबरतात, म्हणून सांगितले पाहिजे की साठीच्या पुढे ही नोंद फार सर्रास आढळते, ती वयाबरोबरच्या बदलाचीही असू शकते, आणि तिचा अर्थ हृदय निकामी होत आहे असा नाही. विश्रांतीत शिथिलीकरण मंद आहे, पण भरणदाब, म्हणजे जवनिकेत रक्त भरताना लागणारा दाब, अद्याप वाढलेला नाही, एवढाच तिचा अर्थ. तो दाब श्रमात वाढतो का, हा पुढचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर व्यायामाशिवाय मिळत नाही. ज्यांच्या अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या मोकळ्या दिसल्या, तरीही अंजायना सुरू आहे, अशा रुग्णांतही ही चाचणी विचारात घ्यावी. त्यांच्यात दोष बारीक वाहिन्यांत असू शकतो, आणि अशा रुग्णांत स्त्रियांचे प्रमाण मोठे असते.

विश्रांतीतच भरणदाब वाढलेला दिसत असेल तर उत्तर हाती आलेले असते आणि शिथिलीकरणापुरती ही चाचणी करण्याची गरज उरत नाही.

काही परिस्थितींत ती करूच नये. गेल्या दोन दिवसांत हृदयविकाराचा झटका आलेला असणे, बसल्या जागी किंवा झोपेत येणारी अथवा दिवसेंदिवस वाढत जाणारी कळ, आटोक्यात नसलेले हृदयाच्या तालाचे बिघाड, लक्षणे देणारी महाधमनीच्या झडपेची तीव्र अरुंदता, फुप्फुसात पाणी साचलेले हृदयविकार, हृदयस्नायूचा दाह आणि महाधमनीचे विदारण (तिच्या भिंतीचा थर फाटणे) ही त्यांतली मुख्य कारणे आहेत. विश्रांतीतील रक्तदाब २००/११० च्या वर असल्यास तो आधी खाली आणावा. अस्थिर अंजायनाच्या रुग्णाला ‘आधी टीएमटी करून घेऊ’ म्हणून पट्ट्यावर उभे करणे धोक्याचे आहे. त्याची जागा रुग्णालयात आहे.

तयारी

चाचणीच्या आधी किमान तीन तास जेवू नये आणि तंबाखू कोणत्याही स्वरूपात घेऊ नये; पाणी पिण्यास हरकत नाही. मधुमेहाच्या रुग्णाने इन्सुलिन किंवा गोळ्यांची त्या सकाळची मात्रा डॉक्टरांना विचारून ठरवावी, कारण उपाशीपोटी श्रम केल्यास साखर उतरू शकते. पायांत पट्ट्याचे किंवा लेस बांधलेले बूट असावेत. साडी नेसून चालत्या पट्ट्यावर चढणे सुरक्षित नाही. सलवार-कुर्ता किंवा ट्रॅक पँट आणि पुढून उघडणारा सैल वरचा कपडा बरा पडतो, कारण इलेक्ट्रोड चिकटवणे आणि इकोचा प्रोब ठेवणे या दोन्हींसाठी छाती मोकळी लागते. कपड्यांची ही सूचना अपॉइंटमेंट देतानाच द्यायला हवी, कारण संकोचापोटी अर्धवट चाललेल्या चाचणीतून काहीच कळत नाही.

औषधांचा निर्णय अधिक नाजूक आहे. मेटोप्रोलोल, बिसोप्रोलोल, ॲटेनोलोल यांसारखे बीटा-ब्लॉकर नाडी वाढू देत नाहीत, त्यामुळे निदानासाठीच चाचणी करायची असेल तर ते साधारण २४ ते ४८ तास आधी थांबवण्याची पद्धत आहे. मात्र ते रुग्णाने आपल्या मनाने कधीही थांबवू नयेत. अचानक बंद केल्यावर अंजायना उसळू शकतो. चालू उपचार कितपत काम करत आहेत हे पाहायचे असेल तर औषधे घेऊनच चाचणी करतात. म्हणून डॉक्टरांना थेट विचारावे : ‘ही तपासणी निदानासाठी आहे की उपचार पाहण्यासाठी, आणि त्यानुसार कोणती गोळी केव्हा थांबवू?’ उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यावे. जिभेखालची सॉर्बिट्रेट नेहमी असते तशी खिशात असू द्यावी. लैंगिक दुर्बलतेवरचे सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेतले असल्यास न लाजता सांगावे, कारण त्यावर सॉर्बिट्रेटसारखे नायट्रेट दिले गेले तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो.

प्रत्यक्ष चाचणी

सुरुवात विश्रांतीच्या नोंदींनी होते, आणि या नोंदी पूर्ण नसतील तर नंतरच्या आकड्यांना तुलनाच उरत नाही. डाव्या कुशीवर झोपवून भिंतींच्या हालचालीची चित्रे घेतात. मग डॉपलरने, म्हणजे इकोतच वेग मोजणाऱ्या तंत्राने, तीन गोष्टी मोजतात. पहिली, डावी कर्णिका आणि जवनिका यांच्यामधल्या मायट्रल झडपेतून जवनिकेत शिरणाऱ्या रक्ताच्या सुरुवातीच्या लाटेचा वेग, ज्याला ‘ई’ म्हणतात. दुसरी, झडपेच्या कडेशी असलेला स्नायू सैल होताना ज्या वेगाने हलतो तो वेग, म्हणजे ‘ई प्राइम’. हा दोन जवनिकांमधल्या पडद्याजवळ आणि बाहेरच्या भिंतीजवळ असा दोन ठिकाणी घ्यावा. तिसरी, हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग, ज्यावरून फुप्फुसाच्या धमनीतील दाबाचा अंदाज येतो. याबरोबर १२ लीडचा ईसीजी आणि रक्तदाब असतोच.

व्यायामाचे दोन मार्ग आहेत. आपल्याकडे बहुतेक केंद्रांत असतो तो ट्रेडमिल. त्यावर ब्रूस पद्धत वापरतात : पहिली तीन मिनिटे ताशी २.७ किलोमीटर वेग आणि १० टक्के चढ, पुढची तीन मिनिटे ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्के चढ, आणि याप्रमाणे दर तीन मिनिटांनी वाढ. दुसरा मार्ग म्हणजे अर्धवट झोपून पायाने चालवायची सायकल. तिचा पलंग डावीकडे कलवता येतो, भार २५ वॅटपासून सुरू करून दर तीन मिनिटांनी २५ वॅट वाढवतात, आणि पाय चालू असतानाच प्रोब छातीवर ठेवून मोजमाप घेता येते. शिथिलीकरणासाठी सायकल सरस आहे असे माझे स्पष्ट मत आहे, कारण दोष जेव्हा घडत असतो तेव्हाच तो दिसतो; शिवाय गुडघेदुखीच्या रुग्णालाही ती बहुधा जमते. पण ती जवळ नाही म्हणून तपासणी टाळण्याचे कारण नाही. ट्रेडमिलवर वेळेचे भान ठेवले तर चांगली माहिती मिळते. डोब्युटामिनच्या इंजेक्शनने केलेली स्ट्रेस इको मात्र या कामासाठी योग्य पर्याय ठरत नाही. पायांचे स्नायू चालल्याने हृदयाकडे परतणारे रक्त जसे वाढते, तसे औषधाने वाढत नाही.

ट्रेडमिलवरून उतरल्यावर सारी कसोटी इको करणाऱ्याच्या हाताची असते. रुग्णाने सावकाश फेऱ्या मारत न बसता लगेच डाव्या कुशीवर झोपायचे असते, आणि ६० ते ९० सेकंदांत भिंतींच्या हालचालीची चित्रे पूर्ण व्हावी लागतात, कारण आकुंचनातील दोष झपाट्याने नाहीसा होतो. त्यानंतर ट्रायकस्पिडचा वेग घ्यावा, कारण तोही लवकर उतरतो. ‘ई’ आणि ‘ई प्राइम’ यांसाठी थोडे थांबावे लागते. नाडी फार वेगात असताना कर्णिकेच्या आकुंचनाची नंतरची लाट आणि ‘ई’ एकमेकींत मिसळतात आणि आकडा निरर्थक ठरतो. नाडी साधारण १०० ते ११० पर्यंत आली की लाटा पुन्हा वेगळ्या होतात. सुदैवाने वाढलेला भरणदाब व्यायाम थांबल्यावरही काही मिनिटे टिकतो. जपानी संशोधकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्थिर अंजायनाच्या रुग्णांना ट्रेडमिलवर चालवून, स्नायूचे आखडणे-ताणणे मोजणाऱ्या स्ट्रेन तंत्राने भिंतीचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे पाहिला, तेव्हा अरुंद धमनीच्या हद्दीतील भाग व्यायामानंतर ५ आणि १० मिनिटांनीही उशिरा सैल होत असल्याचे आढळले. आकुंचन पूर्ववत झाल्यावरही शिथिलीकरण मागे रेंगाळते, हा त्यातला महत्त्वाचा धडा आहे; म्हणून भिंती नीट हलताना दिसल्या की प्रोब उचलून ठेवण्याची घाई करू नये. ज्या केंद्रात स्ट्रेनची सोय आहे, तेथे पाचव्या मिनिटाची चित्रेही मागून घ्यावीत.

नायट्रेटची फवारणी किंवा गोळी भरणदाब तत्काळ उतरवते, त्यामुळे शक्य असल्यास डॉपलरच्या नोंदी झाल्यावर ती द्यावी. कळ वाढत असेल तर मात्र आकड्यांची वाट न पाहता रुग्णाला आधी आराम द्यावा.

चाचणी कधी थांबवायची, याचे नियम ठरलेले आहेत. मध्यम ते तीव्र कळ, भार वाढत असताना वरचा रक्तदाब १० पेक्षा अधिक उतरणे आणि त्यासोबत इस्किमियाची, म्हणजे हृदयस्नायूला रक्त कमी पडल्याची, खूण दिसणे, ईसीजीत एसटी भाग १ मिलिमीटरहून वर चढणे, सलग चालणारा व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया (जवनिकेतून उठणारे अतिवेगवान ठोके), चक्कर, चेहरा पांढुरका पडणे, यांपैकी काहीही झाले तर लगेच थांबतात. रक्तदाब २५०/११५ च्या वर गेला तरी थांबणेच योग्य. आणि रुग्णाने ‘पुरे’ म्हटले की थांबायचेच. ‘अजून थोडे, अजून एक मिनिट’ असा आग्रह नातेवाइकांनी बाहेरून करू नये. रुग्णानेही कळ लपवू नये. ‘फेल’ होण्याची भीती बाळगून दात-ओठ खाऊन चालणारे लोक दिसतात, पण कळ कोणत्या मिनिटाला, कोठे आणि कशी आली ही माहिती आकड्यांइतकीच मोलाची असते. खोलीत डॉक्टर, डीफिब्रिलेटर (विजेचा झटका देऊन हृदयाचा ताल सुधारणारे यंत्र) आणि आपत्कालीन औषधे हवीतच. योग्य रुग्ण निवडला असेल तर ही चाचणी सुरक्षित आहे.

आकडे कसे वाचावेत

मुख्य आकडा म्हणजे ‘ई’ला ‘ई प्राइम’ने भागून येणारे गुणोत्तर. समजा एका निरोगी माणसात विश्रांतीत ‘ई’ सेकंदाला ७० सेंटिमीटर आणि ‘ई प्राइम’ १० आहे, गुणोत्तर ७. व्यायामानंतर ‘ई’ १०५ झाला आणि ‘ई प्राइम’ही १५ वर गेला, तर गुणोत्तर ७ च राहते. रक्त जास्त आले, पण स्नायूही तेवढाच चपळाईने सैल झाला. आता अंजायनाच्या रुग्णाचे पाहू : विश्रांतीत ७० भागिले ७, म्हणजे १०, व्यायामानंतर ‘ई’ १२० झाला आणि ‘ई प्राइम’ जेमतेम ७.५ झाला, म्हणजे गुणोत्तर १६. रक्त दाबाने ढकलले जात आहे, स्नायू साथ देत नाही. विश्रांतीत दोघांचाही ईएफ ६० टक्केच असू शकतो.

अमेरिकी आणि युरोपीय इको संघटनांच्या २०१६ च्या शिफारशींनुसार तीन गोष्टी एकत्र आल्या तर चाचणी निश्चित सदोष मानतात : व्यायामात सरासरी गुणोत्तर १४ च्या वर, किंवा फक्त मधल्या पडद्याजवळचे मोजले असल्यास १५ च्या वर; ट्रायकस्पिडचा वेग सेकंदाला २.८ मीटरच्या वर; आणि विश्रांतीतील ‘ई प्राइम’ मधल्या पडद्याजवळ सेकंदाला ७ सेंटिमीटरपेक्षा कमी. गुणोत्तर १० च्या खाली आणि ट्रायकस्पिडचा वेग २.८ च्या खाली असेल तर चाचणी नॉर्मल. मधला पट्टा अनिश्चित राहतो, आणि त्यात बरेच रुग्ण सापडतात. तेव्हा अहवालावर ‘अनिश्चित’ असे लिहिण्यात कमीपणा नाही. ओढूनताणून एका बाजूला ढकललेला निष्कर्ष रुग्णाचे अधिक नुकसान करतो. युरोपातील हृदयनिकामी संघटनेच्या ईएफ चांगला असूनही होणारा हृदयनिकामीपणा ओळखण्याच्या २०१९ च्या गुणपद्धतीत व्यायामातील गुणोत्तर १५ किंवा अधिक असल्यास २ गुण आणि सोबत ट्रायकस्पिडचा वेग ३.४ च्या वर असल्यास ३ गुण धरतात. वेगाचे दाबात रूपांतर सोपे आहे : वेगाचा वर्ग गुणिले ४. म्हणजे २.८ मीटरला सुमारे ३१ आणि ३.४ मीटरला सुमारे ४६ मिलिमीटर पारा, आणि त्यात उजव्या कर्णिकेतील दाब मिळवायचा.

हे आकडे काही रुग्णांत फसवतात. एट्रियल फिब्रिलेशन (कर्णिकांचा अनियमित ताल), मायट्रल झडपेच्या कड्यात साठलेले कॅल्शियम, मायट्रल झडपेची अरुंदता किंवा कृत्रिम झडप, लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक (डाव्या जवनिकेकडे जाणाऱ्या विद्युतसंदेशातील अडथळा) आणि पेसमेकर असताना या गुणोत्तरावर विसंबू नये. व्यायामात रक्तदाब फार उसळला तर गुणोत्तर केवळ त्यानेही वाढू शकते, म्हणून सर्वोच्च रक्तदाब अहवालात असलाच पाहिजे. स्थूल रुग्णांत ट्रायकस्पिडची लाट नीट पकडता येत नाही. तेथे ‘वेग मोजता आला नाही’ असे लिहावे, शून्य धरू नये.

निष्कर्षाचे पुढे काय करावे

आकडे सुटे न वाचता चित्रांशी जोडून वाचले की दिशा मिळते. व्यायामात भिंतीचा एखादा भाग नव्याने अडखळू लागला आणि गुणोत्तरही चढले, तर त्या भागाच्या धमनीत अडथळा असण्याची शक्यता मोठी आहे; पुढची पायरी सीटी किंवा नेहमीची अँजिओग्राफी असू शकते. पण सदोष चाचणी म्हणजे उद्याच अँजिओप्लास्टी, असे समीकरण मांडू नये. स्थिर कॉरोनरी आजाराच्या रुग्णांवरील, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इस्केमिया’ या मोठ्या अभ्यासात, आधी औषधे देण्याच्या तुलनेत सुरुवातीलाच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे अँजिओप्लास्टी किंवा बायपास केल्याने मृत्यू आणि हृदयविकाराचे झटके एकंदरीने कमी झाले नाहीत. वारंवार कळ येणाऱ्यांना मात्र त्रासातून अधिक आराम मिळाला. डाव्या मुख्य धमनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण त्या अभ्यासात नव्हते, हेही ध्यानात ठेवावे.

भिंती उत्तम हलतात, पण गुणोत्तर आणि फुप्फुसदाब दोन्ही चढतात, अशा वेळी बारीक वाहिन्यांचा दोष किंवा ईएफ राखून असलेला हृदयनिकामीपणा यांचा विचार करतात. शंका उरलीच तर कॅथेटर घालून श्रमात थेट दाब मोजता येतो. फुप्फुसातील वेज दाब, ज्यावरून डाव्या कर्णिकेतील दाब कळतो, व्यायामात २५ मिलिमीटर पारा किंवा अधिक गेला तर निदान पक्के होते. उपचारांत रक्तदाब काबूत ठेवणे, वजन उतरवणे, देखरेखीखाली नियमित चालणे आणि नाडी मंद करून शिथिलीकरणाला वेळ मिळवून देणारी औषधे यांना जागा आहे. ईएफ राखून असलेल्या हृदयनिकामीपणात एम्पाग्लिफ्लोझिन आणि डापाग्लिफ्लोझिन यांचा उपयोग अनुक्रमे २०२१ आणि २०२२ मधील चाचण्यांत सिद्ध झाला आहे.

पुरेसा श्रम होऊनही सारे नॉर्मल आले तर त्रास खोटा ठरत नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि फुप्फुसांची क्षमता तपासावी. मात्र ‘पुरेसा श्रम’ झाला होता का, हे आधी पाहावे. २२० मधून वय वजा केले की अपेक्षित सर्वोच्च नाडी येते. तिच्या ८५ टक्क्यांपर्यंत न पोहोचता, कळ किंवा धाप न लागताच केवळ पाय दुखले म्हणून थांबलेली चाचणी नॉर्मल म्हणता येत नाही, तिला अपुरी म्हणावे.

अहवाल हाती घेताना त्यात विश्रांतीचे आणि व्यायामाचे ‘ई’, दोन्ही ठिकाणचे ‘ई प्राइम’, गुणोत्तर, ट्रायकस्पिडचा वेग, हे मोजताना असलेली नाडी, सर्वोच्च रक्तदाब, श्रमाची मिनिटे किंवा वॅट, आणि त्या दिवशी चालू असलेली औषधे लिहिलेली आहेत का ते पाहावे. यांपैकी काही नसेल तर केंद्रातून निघण्यापूर्वीच विचारावे, कारण सहा महिन्यांनी उपचारांचा परिणाम पाहण्यासाठी पुन्हा चाचणी होईल तेव्हा केवळ ‘निगेटिव्ह’ किंवा ‘पॉझिटिव्ह’ या एका शब्दाशी कशाचीच तुलना करता येणार नाही.